दोऱ्याचं अंतर, वाऱ्याचे तास

वाचकांचे प्रश्न : या वेळी विमानप्रवासाबद्दल
(उत्तरं देणाऱ्या लेखिका मुंबईत एका विमान कंपनीत ३४ वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होत्या. विमान कोणत्या वाटेनं जाईल आणि त्यात इंधन किती भरायचं, हे उड्डाणाआधी जमिनीवर बसून ठरवायचं ते काम.)

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. मुलानं जूनमधलं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट काढलंय, मध्ये कुठंही न थांबणारं. जाताना मुंबईहून रात्री १.३० ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचतं. येताना तिथून सकाळी ११.३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला. म्हणजे जायला साडेसहा तास आणि यायला चोवीस? मुलगा म्हणतो, "आई, १२,५०० किलोमीटर अंतर, ताशी ९०० नं भाग, चौदा तास." तेही तिकिटाशी जुळत नाही. शेजारणीच्या फोनवर तिच्या लेकीचं विमान आइसलंडवरून जाताना दिसलं. अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेला कशाला जातं? गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून नेमकं किती तास बसायचंय ते कळायला हवं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : बाई, तुमचे साडेसहा आणि चोवीस हे दोन्ही आकडे फसवे आहेत, पण त्यांची बेरीज खरी आहे : साडेतीस तास. जाताना दोन घड्याळांतला फरक प्रवासातून वजा होतो, येताना तेवढाच मिळवला जातो, आणि बेरीज केली की तो उडून जातो. परगावचं घड्याळ किती मागं-पुढं आहे हे ठाऊक नसलं, तरी जाऊन-येऊन खुर्चीत एकूण किती तास काढायचे हे अशा तिकिटावरून कुणालाही काढता येईल.

आता वाटणी. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं घेतात. म्हणून हिवाळ्यात फरक साडेदहाचा.) जाताना साडेसहा अधिक साडेनऊ, म्हणजे १६ तास. येताना चोवीस वजा साडेनऊ, म्हणजे साडेचौदा. आणि एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. रात्री १.३० चं विमान १२ तारखेचं असेल, तर घरातून निघायचं ते ११ तारखेला. १२ च्या रात्री विमानतळावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात.

मुलाचं चौदा तासांचं गणित का बसत नाही, ते समजून घ्यायला तुमच्या जुन्या शाळेतला पृथ्वीगोल मागून आणा आणि शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाणारच नाही. सौराष्ट्र, कच्छचं रण, मग अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असा तो वर चढत जाईल. मॉस्कोला जवळजवळ स्पर्श करील. फिनलंडचं दक्षिण टोक, स्वीडन, नॉर्वे आणि त्यानंतर शेजारणीच्या फोनवर दिसलेलं आइसलंड. तिथून उतार लागतो : ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाचं लॅब्राडॉर, मग अमेरिकेचं मेन राज्य आणि न्यूयॉर्क. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल. त्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. गुणून पाहा, १२,५०० च्या आसपास उत्तर येईल.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी मला हेच करायला लावलं होतं. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आले होते, सूत्रं पाठ होती. तरी मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तर दिशेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेला कलून सुरू होते, हे बोटांना कळलं तेव्हाच पटलं. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट वाकडी दिसते, कारण वाकडा तो नकाशा आहे. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये जहाजांसाठी केलेली ती पद्धत ध्रुवांकडचा प्रदेश इतका फुगवते, की ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे आणि आपला भारतसुद्धा दीडपट.

तेव्हा तुमच्या मुलानं सांगितलेले १२,५०० किलोमीटर म्हणजे हा ताणलेला दोरा. माझ्या इतक्या वर्षांत या दोऱ्यावरून तंतोतंत गेलेलं एकही विमान मला आठवत नाही. दोऱ्याला सरहद्दी लागत नाहीत, विमानाला लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होतं, आणि तेव्हा उत्तर भारतातून अमेरिकेला निघालेल्या विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावं लागलं होतं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. म्हणून त्याच दोन शहरांचा प्रवास एका कंपनीच्या तिकिटावर एक वेळ दाखवतो आणि दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर दुसरी. तुमच्या विमानाला वळसे धरून १३,००० किलोमीटर पडतील असं समजून पुढचं गणित करू.

तुम्ही मिरजेच्या. कृष्णा भरून वाहत असताना होडी प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध कशी चालते, हे तुम्हाला मी काय सांगणार? ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याच्या अशाच नद्या वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांच्या मधल्या धारेत ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग असणं नेहमीचं. जाताना तुम्ही प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर.

आता आकडे. दोन्ही वेळा जमिनीवर रांगण्यात पाऊण तास गेला असं धरू. जाताना हवेत सव्वापंधरा तास, म्हणजे जमिनीवरून मोजलेला वेग ताशी साधारण ८५०. येताना पावणेचौदा तास, वेग साधारण ९४५. दोहोंच्या बरोबर मध्ये जवळजवळ ९००. तुमच्या मुलाचा ९०० चा आकडा अगदी बरोबर होता, हे त्याला जरूर सांगा. हवेतून विमान त्याच वेगानं जातं. फक्त ती हवाच जाताना ताशी पन्नासेक किलोमीटरनं मागं खेचते आणि येताना तेवढंच पुढं ढकलते. हा सबंध वाटेचा सरासरी वारा. प्रत्यक्षात एखाद्या पट्ट्यात तो काहीच नसतो आणि अटलांटिकवर एकदम अंगावर येतो. म्हणून तिथल्या वाटा रोज नव्यानं आखतात, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या आणि पूर्वेला येणाऱ्यांसाठी वेगळ्या. जाणाऱ्याला धारेच्या कडेकडेनं न्यायचं, येणाऱ्याला धारेत सोडायचं.

वाऱ्याची किंमत इंधनात मोजावी लागते, आणि ती मोजण्यातच मी रात्रीच्या पाळ्या काढल्या. बोइंग ७७७-३०० ईआर या मोठ्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं आणि ते तासाला सात-आठ टन जाळतं. वारा अर्ध्या तासानं वाढला, की आणखी चार टन भरा. विमानाचं एकूण वजन ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, मग चार टन दुसरं काहीतरी खाली राहतं. नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात लंडनच्या विमानासाठी हवामान खात्याचा वाऱ्याचा तक्ता आला, तो पाहून मी भेंडीचे आणि मिरचीचे खोके उतरवायला सांगितले. ते विमान दुसऱ्या जातीचं होतं, पण हिशेब हाच. पहाटे कार्गोत गेले, तर खोके तसेच रचलेले, एकावर जुन्नर तालुक्यातल्या गावाचं नाव. त्या शेतकऱ्याचं नुकसान माझ्या सहीनं झालं होतं. निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. पण त्यानंतर वाऱ्याचा प्रत्येक तक्ता मी दोनदा वाचू लागले.

तिकिटावरचे १६ तास विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडं जागेवर उभं राहीपर्यंतचे असतात. धावपट्टीच्या रांगेतला वेळ त्यात धरलेला असतो, म्हणून एखादे दिवशी पाऊण तास आधी पोचलात तर नवल वाटून घेऊ नका. गुडघ्यांसाठी मधल्या वाटेकडची खुर्ची मागा. ती तिकीट काढतानाच मागायची असते, तेव्हा मुलाला आजच फोन करा.

प्रश्न : मी नववीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान मुंबईवर हवेत थांबून राहिलं तर खालून पृथ्वी फिरेल आणि अमेरिका आपोआप खाली येईल ना? आणि पृथ्वी पूर्वेला फिरत असेल तर अमेरिकेहून येणाऱ्या विमानाला जास्त वेळ लागायला हवा, कारण मुंबई त्याच्यापासून पुढे पळते आहे. पण लागतो कमी. असं का?
— एक विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : अरे, तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. "पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ कमी लागतो" असं मोठी माणसंही ठोकून देतात. तू निदान उलट बाजूनं विचार केलास, आणि तुझं तर्कशास्त्र त्यांच्यापेक्षा चांगलं आहे. फक्त एक गोष्ट सुटली : हवा पृथ्वीला सोडून मागं राहत नाही.

विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेला जाते, मुंबई-अलिबागच्या अक्षांशावर साधारण १,५८० नं. विमानतळावर उभं असलेलं विमानही त्याच वेगानं जात असतं आणि त्याच्या भोवतीची हवाही. एसटीत बसून चेंडू वर उडवलास तर तो तुझ्याच हातात पडतो, मागच्या बाकावरच्या आजोबांच्या मांडीवर नाही. हवा जर सोबत फिरत नसती, तर तुमच्या किनाऱ्यावर चोवीस तास १,५८० किलोमीटरचा वारा वाहिला असता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तू लहान असशील, पण छपरं आणि नारळी-पोफळी कशा गेल्या ते घरी ऐकलं असशील. तो वारा ताशी ११०-१२० चा होता.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, आडवाटेनं. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि ध्रुवांकडं सरकते. तिथं जमिनीचा वेग कमी, ६० अंशांवर तर निम्माच. हवा मात्र जास्तीचा पूर्ववेग बरोबर घेऊन आलेली असते, त्यामुळं ती जमिनीच्या पुढं धावते. त्यात गरम आणि थंड हवेच्या सीमेवर दाबाचा मोठा फरक पडतो. या सगळ्यातून जेट स्ट्रीम तयार होते, आणि येणाऱ्या विमानाला तीच ढकलते.

ती पहिल्यांदा नीट मोजली जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी. १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि त्यांच्यावर नजर ठेवून वरच्या वाऱ्याचा वेग काढत. त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, जगभर वाचला जावा म्हणून. ती भाषा फार थोड्यांना येत होती आणि अहवाल बाहेर कुणी फारसा वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हा वारा अंगावर आला, तेव्हा वैमानिक चक्रावून गेले. मला ओइशींबद्दल नेहमी हळहळ वाटते.

आणखी एक आकडा तुझ्या वहीत लिही. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क-लंडन हा एरवी साडेसहा तासांच्या आसपासचा प्रवास एका विमानानं ४ तास ५६ मिनिटांत केला. काही काळ त्याचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० च्या वर होता. तेवढ्या उंचीवर ध्वनीचा वेग साधारण १,०६० असतो. मग त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला का? याचं उत्तर तू मला पाठव. होडी आणि नदी डोळ्यांसमोर ठेव म्हणजे येईल.

प्रश्न : सिंगापूर-न्यूयॉर्क हा १५,३४९ किलोमीटरचा प्रवास जगातला सर्वांत लांब म्हणून सांगतात. पण २०१६ च्या एका बातमीच्या कात्रणात एअर इंडियाचं दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को विमान १५,३०० किलोमीटर गेल्याचं लिहिलंय, आणि तेही साडेचौदा तासांत. सिंगापूरच्या विमानाला अठरा तासांहून जास्त लागतात. कात्रण चुकलंय का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कात्रण बरोबर आहे, जपून ठेवा. सिंगापूरचे १५,३४९ हे दोऱ्याचं अंतर. दिल्लीचे १५,३०० हे प्रत्यक्ष उडालेलं अंतर. दिल्ली ते सॅनफ्रान्सिस्को दोरा ताणला तर साधारण १२,४०० किलोमीटरच भरतो.

ते विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे, १३,९०० किलोमीटर, सबंध वाट वाऱ्याच्या तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला उलट बाजूनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून पाठवलं. वाट १,४०० किलोमीटरनं वाढली आणि विमान लवकर पोचू लागलं. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी १,०५० च्या पुढं जाते. त्या दिवशी आमच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन एकमेकांना चालू होते. शाळेत सगळ्यांनी 'अंतर भागिले वेग' शिकलेलं असतं, आणि इथं जास्त अंतर कमी वेळात कापलं गेलं होतं. आमच्या कामात याहून सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही.

म्हणून दोन शहरांमधलं अंतर मला कुणी विचारलं, की मी तास सांगते, आणि जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे सांगते.

प्रश्न : आईला (७४) मुंबईहून न्यूयॉर्कला एकटं पाठवतोय. तिला साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. 'दिवस लांबतो' म्हणतात, तर गोळ्यांची वेळ कुठल्या घड्याळानं धरायची?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. मी फक्त त्यांना दाखवायचे आकडे देते. जूनमध्ये जाण्याचा दिवस आईंसाठी साडेतेहेतीस तासांचा होईल, म्हणजे नेहमीच्या दिवसापेक्षा साडेनऊ तास जास्त आणि त्यात एखादं जेवणही जास्त. येतानाचा दिवस साडेचौदा तासांचा. तिकिटाची प्रत घेऊन डॉक्टरांकडं जा आणि हे दोन दिवस वेगवेगळे लिहून मागा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. दर दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेनं फेरी मारायला आणि बसल्या बसल्या पावलं हलवायला आईंना सांगून ठेवा.

आमच्या कामाच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती, एक ग्रीनिचचं आणि एक मुंबईचं. जगात कुठंही विमान असो, आम्ही ती दोन कधी बदलली नाहीत. आईंच्या पर्समध्ये घरातलं एखादं जुनं चावीचं किंवा सेलचं मनगटी घड्याळ ठेवा. फोन आपली वेळ आपोआप बदलेल, ते घड्याळ मात्र कुणी हात लावू नका. आई परत येईपर्यंत ते ठाण्याचीच वेळ दाखवत राहू दे.